कट, सेक्शन की क्लीव्ह? कापण्याच्या इंग्रजी शब्दांचा इतिहास, मेथड्स लिहिणाऱ्यांसाठी

आधी मराठीतच एक प्रयोग करून बघू. भाजी आपण चिरतो, ऊस तोडतो, केस कापतो, सुपारी कातरतो, लाकूड फोडतो, मेथी खुडतो आणि द्राक्षवेलीची छाटणी करतो. आता ही क्रियापदं अदलाबदल करून बघा. 'आईने कांदा तोडला' किंवा 'गड्याने ऊस चिरला' असं कोणी म्हणालं तर आपण लगेच हसू. व्याकरण चुकलेलं नसतं, पण हत्यार चुकलेलं असतं. चिरणं म्हटलं की डोळ्यासमोर विळी येते, कातरणं म्हटलं की अडकित्ता किंवा कात्री येते, फोडणं म्हटलं की कुऱ्हाड. हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही, तरी चुकत नाही.

इंग्रजीत लिहायला बसलो की मात्र हे कान बंद होतात. मेथड्स लिहिताना एकाच पानावर 'कट' हा शब्द पाच वेळा आलेला दिसतो, बरं वाटत नाही. मग शब्दावर राइट क्लिक करून समानार्थी शब्दांची यादी उघडायची आणि एकेका जागी एकेक नवा शब्द बसवायचा. हल्ली तर हे आणखी वाढलंय, कारण सिमिलॅरिटी रिपोर्टमधली टक्केवारी खाली आणायची असते. शब्द बदलला की टक्केवारी उतरते. पण त्याबरोबर प्रयोगही बदलतो, आणि ते कोणत्याच सॉफ्टवेअरला कळत नाही.

उदाहरण घ्या. एखाद्या रोपाच्या मुळांवर काम चाललंय. मुळं 'एक्साइज' केली म्हणजे ती रोपापासून कापून वेगळी काढली. 'सेक्शन' केली म्हणजे त्यांचे पातळ छेद घेतले. 'डिसेक्ट' केली म्हणजे आतले भाग उकलून सुटे केले. 'ट्रिम' केली म्हणजे नको असलेली टोकं छाटली आणि बाकीचं मूळ तसंच ठेवलं. चारही शब्द यादीत शेजारी शेजारी बसलेले असतात. पण तुमचा पेपर वाचून तोच प्रयोग पुन्हा करू पाहणाऱ्या माणसाच्या हातात चार वेगवेगळ्या वस्तू येतात. त्याचे निकाल तुमच्याशी जुळले नाहीत तर तो शब्दाला दोष देणार नाही, तुमच्या डेटाला देईल.

इंग्रजीत असे इतके शब्द आले कुठून, हे कळलं की ते पाठ करावे लागत नाहीत. म्हणून आजचा लेख इतिहासाचा.

सगळ्यात जुना थर जर्मॅनिक कुळातल्या जुन्या इंग्रजीचा. त्या काळी कापायला 'चेओर्फान' आणि 'शेरान' असे शब्द होते. त्यांचीच आजची रूपं म्हणजे 'कार्व्ह' आणि 'शिअर'. शिवाय कुऱ्हाडीने तोडायला 'ह्यू' होताच. गंमत म्हणजे ज्या 'कट'ला आपण सगळ्यात साधा, अगदी मुळातला शब्द समजतो, तो या यादीत नाहीच. तो लिखित इंग्रजीत तेराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो आणि त्याचं मूळ आजही नक्की नाही. तो स्कँडिनेव्हियातून आला असावा असा एक अंदाज आहे. उशिरा आलेल्या या पाहुण्याने घर बळकावलं आणि जुन्या मालकांना एकेका खोलीत ढकललं. 'कार्व्ह'कडे भाजलेलं मांस आणि लाकडावरचं कोरीव काम उरलं. 'शिअर'कडे मेंढ्यांची लोकर उरली.

हा 'शिअर' जरा नीट बघा, कारण तो प्रयोगशाळेत परत भेटणार आहे. त्याच्या गोतावळ्यात 'शॉर्ट' आहे, म्हणजे कापून आखूड केलेला. 'शेअर' आहे, म्हणजे कापून दिलेला वाटा. 'शर्ट' आहे, आणि 'स्कर्ट'ही. शर्ट आणि स्कर्ट हे मुळात एकच शब्द. एक जुन्या इंग्रजीतून आला, दुसरा इंग्लंडमध्ये वसलेल्या व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून. इंग्रजांनी जिथे 'श' म्हटलं तिथे नॉर्समध्ये 'स्क' राहिला, एवढाच फरक.

याच नॉर्स बाजूने आलेला आणखी एक शब्द आपण रोज वापरतो: 'स्कोअर'. नॉर्समध्ये 'स्कोर' म्हणजे खाच. जनावरं मोजताना दर वीस झाली की काठीवर एक खाच मारायची, म्हणून 'स्कोअर'चा अर्थ वीसही झाला. आपल्याकडे वीस नगांना कोडी म्हणतात तसंच. खाचेचा झाला हिशोब, हिशोबाचा झाला क्रिकेटचा स्कोअर, आणि आज आपण दोनशे रोपांत किती पिवळी, किती हिरवी हे बघून वहीत लिहितो त्यालाही 'स्कोअर करणं'च म्हणतो.

काठीवरच्या खाचा हा काही गुराख्यांचाच उद्योग नव्हता. इंग्लंडच्या राजाचा खजिनासुद्धा मध्ययुगात असाच चालायचा. हिशोबाच्या काठीला 'टॅली' म्हणत. हजार पौंडांची खाच तळहाताच्या रुंदीची, शंभराची अंगठ्याच्या, विसाची करंगळीच्या आणि एका पौंडाची जवाच्या दाण्याएवढी. बाराव्या शतकात खजिन्याच्या कामकाजावर लिहिलेल्या एका लॅटिन ग्रंथात हे नियम नोंदवलेत. खाचा मारून झाल्या की काठी उभी चिरायची. दोन्ही भागांवर त्याच खाचा येतात, एक भाग पैसे देणाऱ्याकडे, दुसरा घेणाऱ्याकडे. नंतर भांडण झालं तर दोन भाग जुळवून बघायचे. लाकडाच्या रेषा खोट्या करता येत नाहीत. खोटेपणा पकडायची यापेक्षा स्वस्त पद्धत मला तरी माहीत नाही. या काठ्यांचा शेवट मात्र वाईट झाला. पद्धत बंद पडल्यावर १८३४ च्या ऑक्टोबरमध्ये साठलेल्या जुन्या काठ्या लंडनच्या पार्लमेंट इमारतीतल्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या. आग भडकली आणि १६ ऑक्टोबरच्या रात्री जवळजवळ सगळं पार्लमेंटच जळून गेलं.

'टॅली' हा शब्द मात्र जर्मॅनिक नाही. तो लॅटिन 'तालेआ'वरून आला, म्हणजे कापलेली काठी किंवा फांदी. त्याच घराण्यातून फ्रेंचमार्गे 'टेलर' म्हणजे कापड बेतणारा, 'रीटेल' म्हणजे तुकड्यांनी विकणं, आणि 'डीटेल' म्हणजे बारीक तुकडा असे शब्द इंग्रजीत शिरले. इथे आपण दुसऱ्या थरात आलो. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीन शतकं दरबाराची, कोर्टाची, मोठ्या घरांच्या जेवणाची भाषा फ्रेंच झाली. 'स्लाइस', 'मिन्स', 'ट्रेंच', 'प्रून' हे शब्द त्या वाटेने आले. यांतला 'प्रून' शेती आणि वनस्पतीशास्त्रवाल्यांच्या कामाचा. आपल्या द्राक्षपट्ट्यात एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. त्या दोन्हींना इंग्रजीत 'प्रूनिंग'च लिहायचं, 'कटिंग' नाही. 'कटिंग' म्हणजे लागवडीसाठी घेतलेली काडी. दोन शब्दांत गोंधळ केला तर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्ही नवी बाग लावताय.

फ्रेंच वाटेनेच आलेला 'ग्राफ्ट' मला फार आवडतो. ग्रीकमध्ये 'ग्राफेइऑन' म्हणजे लिहायची टोकदार लेखणी. खुंटावर बसवायची काडी टोकाला तशीच निमुळती तासतात, म्हणून तिला लेखणीचं नाव पडलं. आणि आपण आंब्याचं काय बांधतो? कलम. म्हणजे लेखणीच! युरोपात आणि इकडे एकाच हत्याराचं आणि एकाच झाडाचं नातं दोन वेगळ्या शब्दांत बांधलं गेलं. शिवाय कायद्याचं 'कलम' इंग्रजीत 'सेक्शन' होतं, आणि सेक्शन म्हणजे कापलेला भाग. मराठीत लेखणी, इंग्रजीत सुरी.

आता तिसरा थर, आणि आपल्या कामाचा सगळ्यात मोठा. युरोपात विद्येची भाषा लॅटिन होती. सोळाव्या-सतराव्या शतकात विज्ञान इंग्रजीत लिहायला सुरुवात झाली तेव्हा शब्द लॅटिन-ग्रीकमधून उचलले गेले. लॅटिनमध्ये कापण्याची तीन मोठी घराणी आहेत.

पहिलं 'सेकारे'चं. सेक्शन, सेगमेंट, सेक्टर, सीकंट, इंटरसेक्ट, बायसेक्ट, डिसेक्ट सगळे इथले. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनो, तुमच्याकडे याची किल्ली शाळेपासून आहे. भूमितीतली छेदिका, संचांमधला छेद, जीवशास्त्रातला आडवा छेद आणि उभा छेद, शवविच्छेदन. आपल्या परिभाषाकारांनी 'सेकारे'साठी बहुतेक ठिकाणी संस्कृतचा 'छिद्' धातू वापरला. त्यामुळे कुठे 'छेद' शब्द आठवला तर इंग्रजीत बहुधा 'सेक्ट' असणार. स्पेलिंगचीही एक खूणगाठ बांधा: 'बायसेक्ट' म्हणजे 'बाय' अधिक 'सेक्ट', दोन भाग करणं, म्हणून त्यात एस एकदाच. 'डिसेक्ट' म्हणजे 'डिस' अधिक 'सेक्ट', सुटं सुटं करणं, म्हणून तिथे एस दोनदा. बरेच जण त्याचा उच्चार 'डायसेक्ट' करतात तो बायसेक्टच्या संगतीने. व्हायवाला कोणी त्यावरून अडवणार नाही, पण एक एस गाळू नका. 'इन्सेक्ट'ही इथलाच. अ‍ॅरिस्टॉटलने कीटकांना ग्रीकमध्ये 'एन्टोमा' म्हटलं होतं, म्हणजे शरीरात खाचा असलेले. लॅटिनमध्ये त्याचं शब्दशः भाषांतर झालं 'इन्सेक्टुम'. कीटकशास्त्राचं नाव 'एन्टोमॉलॉजी' मात्र ग्रीकच राहिलं.

दुसरं घराणं 'काएदेरे'चं, जोरात कापणं किंवा तोडून टाकणं. इन्साइज म्हणजे आत चीर देणं, एक्साइज म्हणजे कापून बाहेर काढणं. प्रिसाइज आणि कन्साइजही इथलेच, आणि 'डिसाइड'सुद्धा: बाकीचे पर्याय छाटून टाकले की निर्णय उरतो. 'काएदेरे'चा दुसरा अर्थ ठार मारणं, त्यावरून पेस्टिसाइड, फंगिसाइड. फक्त एक सांगून ठेवतो, एक्साइज ड्युटीमधला एक्साइज वेगळा. तो डच भाषेतून आलेला कराचा शब्द आहे, त्याचा सुरीशी संबंध नाही.

तिसरं 'स्किन्देरे'चं, चिरून फाडणं. आलेखातला 'अ‍ॅब्सिसा' म्हणजे रेषेवरून कापून घेतलेलं अंतर. पान गळतं त्याला 'अ‍ॅब्सिशन'. झाडांवर काम करणाऱ्यांना इथे एक सावधगिरी: १९६० च्या दशकात कपाशीच्या बोंडगळीचा अभ्यास करताना सापडलेल्या संप्रेरकाला पुढे अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड हे नाव पडलं. नंतर कळलं की पानगळीत मुख्य हात इथिलीनचा असतो, आणि अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिडचं मोठं काम पाण्याच्या ताणात पर्णरंध्रं मिटवणं आणि बियांची सुप्तावस्था राखणं हे आहे. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. शब्दाचा इतिहास हा त्या वस्तूच्या कामाचा पुरावा नसतो.

ग्रीकमधलं घराणं 'टोमे'चं. अ‍ॅनाटॉमी, मायक्रोटोम, आणि 'अ‍ॅटम' म्हणजे जो कापता येत नाही तो. वैद्यकीय शब्दांतही हाच आहे: शेवटी 'ऑटॉमी' असेल तर नुसती चीर, 'एक्टॉमी' असेल तर कापून बाहेर. 'ऑस्टॉमी' असेल तर तो या घरातला नाही, तो 'स्टोमा' म्हणजे तोंड, पर्णरंध्रातला स्टोमा.

आता 'सेक्शन'कडे परत येऊ. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या लाकडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यातल्या कप्प्यांना 'सेल' म्हटलं हे तुम्ही सातवी-आठवीत वाचलंय. त्याचं हत्यार होतं पेनाचा चाकू, पिसाची लेखणी तासायचा. वस्तऱ्यासारखी धार लावून त्याने काप घेतला. बी.एस्सी.ला गाजरात किंवा बटाट्यात खोड धरून ब्लेडने छेद घेतलेत ना? साडेतीनशे वर्षांनी आपण तेच करत होतो. पुढे मायक्रोटोम आला आणि मेणात बसवलेल्या ऊतीचे पाच-दहा मायक्रोमीटरचे छेद सारखे निघू लागले. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी तेही जाड पडले. १९५० मध्ये लॅटा आणि हार्टमन यांनी फुटलेल्या काचेच्या कडेचाच चाकू म्हणून वापर केला, आणि साधारण ६० ते ९० नॅनोमीटर जाडीचे छेद हा आज रोजचा मामला आहे.

मग एक विचित्र गोष्ट घडली. पातं गेलं आणि शब्द राहिला. सीटी स्कॅनमधली 'टोमोग्राफी' म्हणजे छेदांचं चित्रण, पण रुग्णाला कुठे चीर जात नाही. कॉन्फोकल मायक्रोस्कोपवाले 'ऑप्टिकल सेक्शन' म्हणतात तेव्हा फक्त एका पातळीतला प्रकाश गोळा केलेला असतो. म्हणून मेथड्समध्ये नुसतं 'सेक्शन' लिहून थांबू नका. पात्याने घेतला की प्रकाशाने, आणि जाडी किती, हे त्याच वाक्यात यायला हवं. ऊती शाबूत आहे की नाही, हे त्यावर ठरतं.

'क्लीव्ह'ची गोष्ट वेगळी. हा जुन्या इंग्रजीतला देशी शब्द, पण विज्ञानात टिकला. इंग्रजीत 'क्लीव्ह' दोन आहेत. एक 'क्लेओफान'वरून, म्हणजे दुभंगणं. दुसरा 'क्लिफियान'वरून, म्हणजे घट्ट चिकटणं! उच्चार बदलत बदलत दोन्ही एकसारखे झाले आणि एकच शब्द परस्परविरुद्ध अर्थ सांगू लागला. 'क्लिप'चंही असंच आहे, नखं कापायचा क्लिपर नॉर्समधला आणि कागद धरून ठेवणारी क्लिप जुन्या इंग्रजीतल्या 'मिठी मारणं' या अर्थाच्या शब्दावरून. विज्ञानात मात्र क्लीव्ह म्हणजे दुभंगणंच, आणि तेही मुळात असलेल्या सांध्यावर. अभ्रक ठरावीक पातळीतच सुटतो, ते क्लीव्हेज. एन्झाइम ठरावीक बंध तोडतं, तेही क्लीव्हेज. सुरी कुठेही चालते, क्लीव्हेज कुठेही होत नाही. म्हणून 'बटाटा क्लीव्ह केला' होत नाही आणि 'प्रोटीन चॉप केलं'ही शोभत नाही.

डीएनएवर काम करणाऱ्यांना तर हे शब्द जपूनच वापरावे लागतात. १९७० च्या सुमारास हॅमिल्टन स्मिथ यांनी विशिष्ट क्रम ओळखून तिथेच डीएनए तोडणारं रिस्ट्रिक्शन एन्झाइम वेगळं केलं. डॅनियल नेथन्स आणि वर्नर आर्बर यांच्याबरोबर त्यांना १९७८ चं नोबेल मिळालं. या एन्झाइमने तोडण्याला 'डायजेस्ट' म्हणायची रीत पडली, शब्द पचनाचा. आणि आपला मेंढ्यांवाला 'शिअर'? ध्वनिलहरींनी किंवा बारीक सुईतून जोराने ढकलून डीएनए कुठेही तुटतो, तेव्हा तो 'शिअर' केलेला. डायजेस्ट केलेल्या तुकड्यांची टोकं ठरलेली असतात, शिअर केलेल्यांची कशीही. एकाच्या जागी दुसरा शब्द टाकला तर पुढचं क्लोनिंग कसं केलं तेच कळत नाही. दोन धाग्यांपैकी एकच तुटला तर 'निक', दोन्ही तुटले तर 'कट' किंवा 'डबल स्ट्रँड ब्रेक'. आणि 'स्प्लाइस' हा तर कापण्याचा शब्दच नाही. तो डच खलाशांचा, दोन दोरखंडांचे पदर एकमेकांत विणून जोडायचा. १९७७ मध्ये आरएनएमधले मधले भाग वगळून उरलेले जोडले जातात हे दिसलं, त्याला स्प्लाइसिंग म्हटलं. म्हणून इन्ट्रॉन 'स्प्लाइस आउट' होतो, एक्सॉन 'स्प्लाइस' होतात. आधी कोण जोडलं गेलं ते बघा, मग क्रियापद लिहा.

शब्द एका शाखेतून दुसरीकडे गेल्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १९३९ चं. युरेनियमचं केंद्रक दुभंगतं हे लिझ माइटनर आणि ऑटो फ्रिश यांच्या लक्षात आलं, पण याला म्हणायचं काय? फ्रिश यांनी कोपनहेगनमध्ये काम करणाऱ्या विल्यम आर्नल्ड या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाला विचारलं की जिवाणूची पेशी दोन होते त्याला तुम्ही काय म्हणता. उत्तर आलं, बायनरी फिशन. फिशन हा लॅटिन 'फिन्देरे', दुभंगणं, यावरून आलेला. 'नेचर'मधल्या त्यांच्या छोट्या टिपणात तो शब्द आला आणि ज्याला कापता येत नाही म्हणून 'अ‍ॅटम' म्हणत होते त्याच्या नशिबी तो कायमचा लागला.

आता एक काम करा. तुमच्या मेथड्सचा मसुदा उघडा, कापण्याचं प्रत्येक क्रियापद शोधा आणि त्या जागी मराठीत काय म्हटलं असतं ते समासात लिहा: चिरलं, छाटलं, कातरलं, तोडलं, की छेद घेतला. दोन वेगळ्या मराठी शब्दांसाठी एकच इंग्रजी शब्द आला असेल, किंवा एकाच मराठी शब्दासाठी तीन इंग्रजी शब्द आले असतील, तिथे थांबा आणि प्रयोगाची वही काढा. आणि 'कट' पाच वेळा आला असेल, पाचही वेळा खरोखरच नुसतं कापलेलं असेल, तर तो पाच वेळा राहू द्या.